पोटगी

स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या व्यक्तीस तिच्या निर्वाहासाठी, कायद्याने बांधील असलेल्या दुसऱ्या व्यक्तीने द्यावयाची रक्कम म्हणजे पोटगी होय. आईवडील, अपत्ये, विधवा सून इत्यादींनाही कायद्याने पोटगीचा हक्क दिलेला आहे. तथापि प्रस्तुत नोंदीत विभक्त राहणाऱ्या पतिपत्नींमधील पोटगीचाच विचार केला आहे. ‘पोटगी’ हा शब्द ‘पोट’ या शब्दावरून आलेला असला, तरी तिच्यात केवळ अन्नाचाच समावेश होतो असे नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्या व्याख्येनुसार अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण तसेच वैद्यकीय शुश्रूषा व उपचार यांसाठीची तरतूद निर्वाहात मोडते. जुन्या मराठी न्यायालयीन भाषेत याच अर्थाने ‘अन्नवस्त्र’ हा शब्द रूढ होता.

पतिपत्नी एकत्र राहत असताना परस्परांच्या निर्वाहाची जबाबदारी संसारातच पार पडते व तिचा वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही. ती विभक्त झाली म्हणजे हीच जबाबदारी पैशाच्या रूपाने व्यक्त होते. निर्वाहाचे दायित्व सहवासातून नव्हे, तर विवाहसंबंधातून निर्माण होते. म्हणून केवळ वेगळे राहू लागल्याने ते संपत नाही आणि काही परिस्थितींत घटस्फोटानंतरही ते उरते. विभक्ततेच्या तीन अवस्था संभवतात : (१) विवाह कायम असून, कोणत्याही न्यायालयीन निर्णयावाचून दोघे वेगळे राहतात, (२) त्यांच्यामध्ये वैवाहिक दावा चालू असतो, (३) न्यायालयाने विभक्ततेचा, घटस्फोटाचा किंवा विवाह शून्य असल्याचा हुकूमनामा दिलेला असतो. या प्रत्येक अवस्थेसाठी कायद्यात स्वतंत्र उपाय सांगितलेले आहेत. यांपैकी पहिल्या अवस्थेतील व्यक्तींची संख्या मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात विभक्त राहणाऱ्या व्यक्तींची संख्या घटस्फोटित व्यक्तींच्या अडीच पटींहून अधिक आढळली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. मराठीत अशा स्त्रीस ‘परित्यक्ता’ म्हणतात. बोलीत तिला ‘टाकलेली’ असे म्हटले जाते. विवाह मोडलेला नाही, परंतु संसारही नाही, अशा स्थितीतील या स्त्रियांच्या दृष्टीने पोटगीचा प्रश्न घटस्फोटाच्या प्रश्नाहून अधिक निकडीचा असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्राचीन हिंदू धर्मशास्त्राने पत्नी, वृद्ध मातापिता व अल्पवयीन अपत्ये यांचे भरणपोषण हे पुरुषाचे वैयक्तिक कर्तव्य मानले. त्याच्याजवळ संपत्ती असो वा नसो, या कर्तव्यातून त्याची सुटका नव्हती. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती व प्रिय बोलणाऱ्या पत्नीचा त्याग करणाऱ्या पतीकडून तिला त्याच्या संपत्तीचा तिसरा हिस्सा देववावा आणि तो निर्धन असल्यास तिच्या भरणाची व्यवस्था करावयास लावावी. या वचनात पत्नीचा हक्क मान्य केलेला आहे. तसाच तो तिच्या वर्तनाच्या अटीने बांधलेलाही आहे. पुढील काळातील हिंदू विधीनेही हीच भूमिका स्वीकारली. पतीच्या घरी राहणे हे पत्नीचे पहिले कर्तव्य मानले गेल्याने सबळ कारणावाचून वेगळे राहणारी पत्नी अन्नवस्त्रास मुकत असे. क्रूर वागणूक यांसारख्या मोजक्या कारणांसाठीच न्यायालये तिला वेगळे राहून निर्वाह मागू देत.

इंग्लंडमध्ये विवाहविषयक वाद चर्चच्या न्यायालयांकडे असत. ही न्यायालये विवाह न मोडता केवळ शय्या व भोजन यांपुरती फारकत देत आणि अशा विभक्त पत्नीस पतीने निर्वाहवेतन द्यावे असा आदेश करीत. पत्नीची मालमत्ता विवाहामुळे बव्हंशी पतीच्या ताब्यात जात असल्याने ही तरतूद आवश्यक ठरली होती. १८५७ च्या अधिनियमाने हे अधिकार दिवाणी न्यायालयाकडे आले. १८७८ मध्ये मारहाणीस बळी पडलेल्या पत्नीस व १८८६ मध्ये परित्यक्त पत्नीस स्थानिक दंडाधिकाऱ्याकडून निर्वाहाचा आदेश मिळविता येऊ लागला. १८८६ च्या कायद्यातील कमाल मर्यादा आठवड्यास दोन पौंड अशी होती.

भारतात दंडाधिकाऱ्यामार्फत पोटगी मिळविण्याचा मार्ग याहून आधीच खुला झाला होता. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, साधने असूनही पत्नीचा किंवा अपत्याचा सांभाळ न करणाऱ्या पुरुषास दरमहा रक्कम देण्याचा आदेश करण्याची तरतूद होती. वैवाहिक हक्कांची मांडणी करण्यापेक्षा निराधार स्त्रिया व मुले यांच्यावर भटकंतीची वेळ येऊ नये, हा तिचा मुख्य हेतू होता. त्यामुळेच ही तरतूद प्रारंभापासून सर्व धर्मांच्या लोकांना सारखीच लागू झाली. १८७२ व १८८२ च्या संहितांमधून ती १८९८ च्या संहितेच्या कलम ४८८ मध्ये, १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ मध्ये व अखेरीस १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ याच्या कलम १४४ मध्ये आली. १९७३ च्या संहितेने ‘पत्नी’ या संज्ञेत, पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटित स्त्रीचाही समावेश केला, हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा बदल होय.

हिंदू स्त्रियांच्या बाबतीत विवाहित हिंदू स्त्रियांचा वेगळ्या निवासाचा व निर्वाहाचा हक्क अधिनियम १९४६ मध्ये संमत झाला. पतीने दुसरा विवाह करणे हे वेगळे राहण्यास पुरेसे कारण आहे, हे त्याने मान्य केले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला व १९४७ मध्ये प्रांतिक घटस्फोट कायदा आला. पुढे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ आणि हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ यांनी हा सर्व विषय नव्याने संहिताबद्ध केला [→ घटस्फोट].

पोटगीचे उपाय : (१) विवाह कायम असताना : हिंदू पत्नीस १९५६ च्या अधिनियमाच्या कलम १८ अन्वये दिवाणी दाव्याने निर्वाह मागता येतो. पतीने तिचा परित्याग केला, तिला क्रूरतेने वागविले, त्याची दुसरी पत्नी हयात आहे, त्याने त्याच घरात रखेल ठेवली आहे अथवा तो धर्मांतराने हिंदू राहिलेला नाही, यांपैकी किंवा अन्य कोणत्याही न्याय्य कारणाने तिला वेगळे राहूनही हा हक्क बजावता येतो. पतीस तीव्र कुष्ठरोग असणे हेही पूर्वी एक कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले. पत्नी व्यभिचारी असल्यास किंवा तिने धर्मांतर केले असल्यास मात्र या कलमाखाली तिला वेगळे राहून निर्वाह मागता येत नाही.

(२) दावा चालू असताना : हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ अन्वये, निर्वाहापुरते स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या पक्षास दाव्याचा निकाल लागेपर्यंत मासिक रक्कम व दाव्याचा खर्च मागता येतो. एका पक्षाजवळ पैसा आहे व दुसऱ्याजवळ नाही, एवढ्याच कारणाने दावा एकतर्फी होऊ नये, हा या अंतरिम पोटगीचा उद्देश आहे. अशा अर्जाचा निर्णय प्रतिपक्षास नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत द्यावा, अशी तरतूद २००१ मध्ये करण्यात आली.

(३) हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतर : त्याच अधिनियमाच्या कलम २५ अन्वये न्यायालय कायम पोटगी ठरविते. ती एकरकमी, मासिक किंवा ठराविक मुदतीने देय असू शकते आणि आवश्यक तर तिचा बोजा देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर चढविता येतो. परिस्थिती बदलल्यास रकमेत फेरफार होऊ शकतो. घेणाऱ्या पक्षाने पुनर्विवाह केल्यास आदेश बदलता अथवा रद्द करता येतो. मूळ विनंतिअर्जच फेटाळला गेला आणि विवाह पूर्ववत कायम राहिला, तर या कलमाखाली पोटगी देता येत नाही व पत्नीस १९५६ च्या अधिनियमाचा आधार घ्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले.

(४) दंडाधिकाऱ्याकडील संक्षिप्त उपाय : पुरेशी साधने असूनही स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या पत्नीकडे दुर्लक्ष करणाऱ्या किंवा तिला पोसण्यास नकार देणाऱ्या पतीविरुद्ध, वर उल्लेखिलेल्या कलम १४४ खाली अर्ज करता येतो. अर्जदार पत्नी जेथे राहते तेथेही तो करता येत असल्याने माहेरी परतलेल्या स्त्रीस पतीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ खाली जेथे कुटुंब न्यायालये स्थापन झाली आहेत, तेथे हे अर्जही त्यांच्यापुढेच चालतात. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे ती १९८९ मध्ये सुरू झाली.

(५) कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ : हिंसाचारास बळी पडलेल्या स्त्रीस या अधिनियमाखाली निर्वाहाची रक्कम, सामायिक घरात राहण्याचा हक्क व भरपाई मागता येते. विवाहसदृश संबंधात राहिलेल्या स्त्रियांनाही त्याचे संरक्षण मिळते.

हे उपाय परस्परांना पर्यायी नाहीत. एकाच स्त्रीस एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज करता येतो. मात्र एका ठिकाणी मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी विचारात घेतली जाते व तिची वजावट होऊ शकते.

विभक्त राहण्याचे कारण : पोटगीच्या वादात सर्वाधिक तंटा ‘वेगळे राहण्यास दोषी कोण’ या प्रश्नावर होतो. दंडाधिकाऱ्याकडील उपायात तीन अपवाद सांगितलेले आहेत : पत्नी व्यभिचारात राहत असल्यास, पुरेशा कारणावाचून पतीबरोबर राहण्यास नकार देत असल्यास किंवा दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत असल्यास तिला पोटगी मिळत नाही. पतीने ‘नांदावयास ये, मी पोसण्यास तयार आहे’ असे म्हटल्यास न्यायालय नकाराचे कारण तपासते. पतीने दुसरे लग्न केले किंवा रखेल ठेवली, तर ते वेगळे राहण्याचे न्याय्य कारण मानावे, असे कलमातच म्हटले आहे.

या अपवादांचा अर्थ न्यायालयांनी उत्तरोत्तर संकुचित केलेला आढळतो. परस्परसंमतीने घटस्फोट घेतलेली स्त्री ही ‘परस्परसंमतीने वेगळी राहणारी पत्नी’ ठरत नाही, कारण घटस्फोटानंतर एकत्र राहण्याचे कर्तव्यच उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. पत्नीने परित्याग केला या कारणावरून पतीस घटस्फोट मिळाला असला, तरी घटस्फोटित स्त्री या नात्याने ती पोटगी मागू शकते, असा निर्णय २००० मध्ये झाला. पतीने वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हुकूमनामा मिळविला व पत्नी नांदावयास गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येणार नाही. तिच्या नकारास पुरेसे कारण होते काय, हे स्वतंत्रपणे पाहावे लागेल, असे जानेवारी २०२५ मध्ये ठरले. पूर्वी असा हुकूमनामा हे पोटगी टाळण्याचे एक साधन होऊन बसले होते. त्यास या निर्णयाने आळा बसला.

शून्य विवाहाच्या बाबतीत न्यायालयीन मत अधिक काळ दोलायमान राहिले. पतीची पहिली पत्नी हयात असताना झालेला हिंदू विवाह शून्य असतो. म्हणून अशी दुसरी पत्नी कलम १२५ पुरती ‘पत्नी’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९८८ मध्ये ठरविले. यामुळे फसविल्या गेलेल्या स्त्रीवरच फसवणुकीचा भार पडत होता. २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच दुसऱ्या एका प्रकरणात, पहिला विवाह लपवून ठेवणाऱ्या पुरुषास स्वतःच्या लबाडीचा लाभ घेऊ देता येणार नाही व त्याच्यापुरती ती स्त्री पत्नीच मानावी, असा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या न्यायालयाने शून्य विवाहातील पक्षासही हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते असे ठरविले. मात्र ती द्यावी की नाही, हे प्रकरणातील वस्तुस्थिती व पक्षांचे वर्तन यांवर अवलंबून ठेवले.

पोटगीची रक्कम : रक्कम ठरविण्याचे गणिती सूत्र कायद्यात नाही. पक्षांचा दर्जा व राहणीमान, अर्जदाराच्या वाजवी गरजा, तिचे स्वतःचे उत्पन्न व मालमत्ता, देणाऱ्याचे उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या इतर व्यक्ती व वेगळे राहण्याचे समर्थन या गोष्टी विचारात घेतल्या जातात. पतीच्या निव्वळ वेतनाचा चतुर्थांश हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये एका प्रकरणात वाजवी मानले व २०१७ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. तथापि ते मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. पत्नी मिळवती आहे एवढ्याने तिचा हक्क बुडत नाही. तिच्या मिळकतीत तिला सासरच्या राहणीमानाशी सुसंगत असे जगता येते काय, हे पाहिले जाते. उलटपक्षी, धडधाकट पुरुषाने आपल्याला काम नाही असे सांगणे हा पुरेसा बचाव होत नाही. अंगमेहनत करून का होईना त्याने कमवावे, अशी न्यायालयांची भूमिका आहे.

दंडाधिकाऱ्याकडील पोटगीस दीर्घकाळ कमाल मर्यादा होती. १९५५ मध्ये ती दरमहा ५०० रुपये करण्यात आली व १९७३ च्या संहितेनेही तीच कायम ठेवली. दरम्यानच्या काळात रुपयाची क्रयशक्ती घटत गेली, परंतु मर्यादा हलली नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्यापुरती ती १,५०० रुपयांवर नेली आणि २००१ मध्ये संसदेने ती सर्वस्वी काढून टाकली. त्याच दुरुस्तीने या उपायातही अंतरिम पोटगीची सोय झाली.

उत्पन्न सिद्ध करणे ही या दाव्यांतील मोठी अडचण असते. नोकरदाराचे वेतन पत्रकावरून कळते. शेतकरी, दुकानदार किंवा व्यावसायिक यांचे खरे उत्पन्न बहुधा पत्नीस दाखविता येत नाही. यावर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयात, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात दाखल करावे, असा दंडक घातला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्यात सांगितले. त्यापूर्वी काही न्यायालये ती आदेशाच्या तारखेपासून देत असल्याने दावा जितका लांबेल तितका देणाऱ्याचा फायदा होत असे.

मासिक पोटगी हे घेणाऱ्याचे उत्पन्न मानले जाऊन आयकरास पात्र ठरते. एकरकमी पोटगी मात्र भांडवली स्वरूपाची असल्याने तिला तो लागू होत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. निर्वाहाच्या मोबदल्यात हिंदू स्त्रीस मिळालेली मालमत्ता हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या कलम १४ अन्वये तिच्या पूर्ण मालकीची होते. भावी पोटगीचा हक्क कोणास विकता येत नाही व घेणाऱ्याच्या कर्जापोटी तो जप्तही होत नाही.

इतर वैयक्तिक कायदे : मुस्लिम कायद्याप्रमाणे विवाह चालू असेतोपर्यंत पत्नीचा निर्वाह पतीकडे असतो. मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, १९३९ अन्वये पतीने दोन वर्षे निर्वाह केला नाही, तर पत्नीस विवाहविच्छेद मागता येतो. तलाकनंतर इद्दतीच्या काळापुरतीच पतीची जबाबदारी असते, असे परंपरेने मानले जाई. इंदूर येथील शाहबानो बेगम यांच्या प्रकरणात हा प्रश्न ऐरणीवर आला. १९३२ मध्ये विवाह झालेल्या या स्त्रीस पतीने १९७८ मध्ये तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने दरमहा २५ रुपये व उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे पोटगी मंजूर केली. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी हा आदेश कायम करून, कलम १२५ सर्वधर्मीयांना लागू असल्याचे प्रतिपादिले. या निर्णयावर देशभर वादंग माजले व १९८६ मध्ये मुस्लिम स्त्रियांसाठी (घटस्फोटानंतरचे हक्क) वेगळा अधिनियम करण्यात आला. त्याची वैधता डॅनियल लतीफी यांच्या याचिकेवर २००१ मध्ये मान्य करताना, पतीने इद्दतीच्या काळात पत्नीच्या पुढील आयुष्यासाठीही वाजवी व न्याय्य तरतूद केली पाहिजे, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीस कलम १२५ चा मार्गही खुला आहे, असे जुलै २०२४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगण्यात आले [→ मुसलमानी विधी].

ख्रिस्ती व्यक्तींना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट अधिनियमात अंतरिम पोटगीस पतीच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या पंचमांशाची मर्यादा होती. ती २००१ मध्ये रद्द झाली. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये फक्त पत्नीस पोटगी मिळते. पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ याच्या १९८८ च्या दुरुस्तीनंतर पती व पत्नी दोघांनाही ती मागता येते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेत, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामायिक मानली जाते. त्यामुळे विभक्त होणाऱ्या पत्नीस केवळ पोटगीवर विसंबून न राहता मालमत्तेच्या निम्म्या हिश्शाची मागणी करता येते. उर्वरित भारतात विवाहकाळात संपादन केलेल्या मालमत्तेत पत्नीचा असा आपोआप हिस्सा नसल्याने पोटगीचे महत्त्व तेथे अधिक आहे.

पतीचा हक्क : हिंदू विवाह अधिनियमाची कलमे २४ व २५ पती व पत्नी या दोघांनाही लागू आहेत. आजारपण, अपंगत्व इ. कारणांनी कमवू न शकणाऱ्या पतीस मिळवत्या पत्नीकडून पोटगी मागता येते. दंडाधिकाऱ्याकडील उपाय मात्र पतीस उपलब्ध नाही. स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्यास संविधानाच्या अनुच्छेद १५(३) ने दिलेल्या मुभेत तो बसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये याहून वेगळी भूमिका घेऊन, केवळ पतींवरच पोटगीचे दायित्व टाकणारा अलाबामा राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरविला. लिंग पाहण्याऐवजी गरज पाहावी, हा विचार तेव्हापासून अनेक देशांच्या कायद्यांत दृढ होत गेला आहे.

वसुली : आदेश मिळणे व रक्कम हाती पडणे यांत पुष्कळ अंतर असते. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाचे पालन न झाल्यास वसुलीचे अधिपत्र निघते आणि त्यानंतरही थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. त्यामुळे दर काही महिन्यांनी नवा अर्ज करण्याचे ओझे स्त्रीवर पडते. कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत पतीचे वेतन जप्त करता येते. सामान्य कर्जापोटी वेतनाचा मोठा भाग जप्तीतून मुक्त असतो. निर्वाहाच्या हुकूमनाम्यापुरता मात्र केवळ तिसरा हिस्साच मुक्त राहतो. पत्नीच्या निर्वाहास कायदा इतर धनकोंच्या येण्याहून वरचे स्थान देतो, हे यावरून दिसते. पती परदेशी असल्यास अडचणी वाढतात. निर्वाह आदेश अंमलबजावणी अधिनियम, १९२१ अन्वये, परस्पर व्यवस्था असलेल्या देशांतच परस्परांचे आदेश अंमलात आणता येतात.

दाव्याचा खर्च हाही एक अडसर असतो. महाराष्ट्र शासनाने १९९४ मध्ये पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ केले. विधी सेवा प्राधिकरणांमार्फत स्त्रियांना मोफत वकील मिळतो. परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न महाराष्ट्रात संघटितपणे मांडण्याचे श्रेय १९८० नंतरच्या स्त्री चळवळीस आहे. १९८८ मध्ये संगमनेर येथे भरलेल्या परित्यक्ता परिषदेने, या स्त्रियांना दयेची नव्हे तर निवारा, शिधापत्रिका, रोजगार व पोटगी यांच्या हक्काची गरज आहे, या मागण्यांकडे समाजाचे लक्ष वेधले.

पोटगीविषयक विधीच्या विकासात एक दिशा स्पष्ट दिसते. प्रारंभी हा हक्क पत्नीच्या आज्ञाधारकतेवर व तिने पतीच्या घरी राहण्यावर अवलंबून होता. हळूहळू वर्तनाच्या अटी सौम्य होऊन गरज, कुवत व संसारात घातलेले श्रम यांना महत्त्व आले. घर सांभाळण्यासाठी किंवा मुलांसाठी नोकरी सोडणाऱ्या स्त्रीची कमविण्याची शक्ती कायमची घटते व या हानीत दोघांनीही वाटेकरी व्हावे, असा विचार त्यामागे आहे. या दृष्टीने पोटगी ही शिक्षा नाही व दानही नाही. एकत्र उभारलेल्या संसाराचे ते उरलेले देणे होय. तथापि हक्काची व्याप्ती ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने वसुलीची यंत्रणा सुधारलेली नाही. रोजच्या अन्नासाठी ठरविलेली रक्कम काही वर्षांनी थकबाकीच्या रूपाने मिळाल्यास तिचा मूळ हेतू साधत नाही; म्हणून पोटगीच्या कायद्याची खरी कसोटी आदेशातील आकड्यापेक्षा तो आकडा दरमहा नियमितपणे हाती पडतो किंवा नाही यावरच लागते.